चहा हेही खाणेच : पारदर्शक अलाइनर आणि आपले खाणेपिणे

(रुग्णालयाच्या दंतविभागाने रुग्ण व पालक यांच्यासाठी आयोजित केलेल्या सभेत विभागातील दंततज्ज्ञांनी केलेल्या भाषणाची ही संहिता. उपस्थितांपैकी अनेकांनी मागणी केल्यावरून ती प्रस्तुत अहवालात समाविष्ट करण्यात येत आहे.)



धर्मादाय रुग्णालयाच्या व्यासपीठावरून दात सरळ करण्याच्या उपचाराविषयी बोलावे की नाही, असा प्रश्न मला स्वतःलाच पडला होता. ज्या बाह्यरुग्ण विभागात किडलेल्या दाढेच्या ठणक्याने रात्र जागून काढलेली माणसे सकाळी रांगेत उभी असतात, तेथे पारदर्शक अलाइनरची चर्चा ही चैनीची चर्चा वाटण्याचा संभव आहे. तरीही हा विषय मी विचारपूर्वक निवडला. हा उपचार घेणारे तरुण-तरुणी आता आपल्याकडेही येऊ लागले आहेत. काही जण येथेच उपचार घेतात, तर काही जण अन्यत्र सुरू झालेल्या उपचारातील तक्रारी घेऊन येतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अलाइनर घातलेल्या तोंडात गोड चहाचा एक घोट काय करतो हे एकदा समजले, म्हणजे अलाइनर नसलेल्या तोंडातही तो काय करतो हे समजते. त्यामुळे हे भाषण अलाइनरवाल्यांसाठी आहे तसेच ते त्या रांगेतल्या माणसांसाठीही आहे. तिसरे कारण माझे व्यक्तिगत आहे. या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती. तिच्यापासूनच प्रारंभ करतो.

एका सूचनापत्रकाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी बँकेत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या एक भगिनी माझ्याकडे उपचारासाठी आल्या. पुढच्या दातांची गर्दी, एक सुळा बाहेर आलेला. दात निरोगी, हिरड्या उत्तम. अलाइनरसाठी याहून योग्य रुग्ण मिळणे कठीण. अलाइनर देताना मी त्यांना छापील सूचनापत्रक दिले. त्यात स्पष्ट लिहिले होते, "जेवताना व खाताना अलाइनर काढून ठेवावेत." त्यांनी ते नीट वाचले आणि तंतोतंत पाळले.

मधल्या काळात दूरध्वनीवर बोलणे होत होते; परंतु बदली, घरातील आजारपण अशा कारणांनी प्रत्यक्ष तपासणी लांबली. सातव्या महिन्यात त्या आल्या तेव्हा दात बऱ्यापैकी ओळीत आले होते. मात्र वरच्या चार दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला, खडूसारखे पांढरे पट्टे उमटलेले होते. एका दातावर तर पृष्ठभाग खडबडीत होऊन खड्डा पडू लागला होता. दंतक्षयाची ही पहिली पायरी. मी विचारले, "खाताना अलाइनर काढता ना?"

"हो डॉक्टर, एकदाही चुकले नाही. बिस्किट खायचे असले तरी काढते."

"आणि चहा?"

त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "चहा म्हणजे काही खाणे नव्हे ना?"

बँकेत दिवसभरात पाच-सहा वेळा चहा येत असे. लहान कप, पण साखर भरपूर. तो त्या अलाइनर घालूनच घेत होत्या. अलाइनर थोडे पिवळसर होतात, तेवढेच, असे त्यांना वाटत होते. माझे पत्रक मी पुन्हा काढून वाचले. त्यात जेवण होते, खाणे होते. पिणे हा शब्दच नव्हता.

यात त्यांचा काय दोष? आपल्या भाषेतच चहाला खाण्यात धरलेले नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आपण विचारतो, "काही खाल्लेत का?" तो उत्तर देतो, "नाही, नुसता चहा घेतला." सकाळपासून पोटात काही नाही असे सांगणाऱ्या माणसाने दोन कप चहा घेतलेला असतो. चहा, सरबत, उसाचा रस, ताक, कॉफी या साऱ्या गोष्टी आपण "घेतो", आणि घेतलेले खाण्याच्या हिशेबात येत नाही. पोटाच्या दृष्टीने कदाचित ते चालून जाईल. परंतु दात हा हिशेब निराळ्या रीतीने मांडतात. मराठी माणसासाठी सूचना लिहिताना मला हे कळायला हवे होते.

अलाइनर म्हणजे काय

ज्यांना या साधनाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अलाइनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारे पातळ, पारदर्शक प्लास्टिकचे आवरण. त्याची जाडी साधारणपणे एक मिलिमीटरहूनही कमी असते. रुग्णाच्या दातांचा साचा किंवा संगणकीय प्रतिमा घेऊन, दात टप्प्याटप्प्याने कसे सरकतील याचा आराखडा केला जातो आणि प्रत्येक टप्प्यासाठी एक, अशी आवरणांची मालिका तयार होते. एका आवरणाने दात सुमारे पाव मिलिमीटर सरकतो. एक ते दोन आठवड्यांनी पुढचे आवरण घालायचे. ही मूळ कल्पना तशी नवी नाही. १९४५ साली अमेरिकेतील डॉ. केस्लिंग यांनी उपचाराच्या अखेरीस दात किंचित हलवणारे रबरी साधन मांडले होते आणि अशा साधनांच्या मालिकेने मोठे बदलही घडवता येतील, असे भाकीत केले होते. संगणकाच्या साहाय्याने ते व्यवहारात आणणारी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी कॅलिफोर्नियात १९९७ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथील औषध प्रशासनाने तिच्या साधनाला मान्यता दिली.

तारांच्या उपचारात तारा दातांना चिकटवलेल्या असतात. त्यामुळे ऊस, चिक्की, कडक पेरू, मक्याचे कणीस यांवर बंदी येते. अलाइनर काढता येतात. म्हणून कोणताही पदार्थ वर्ज्य नाही, असे आम्ही रुग्णाला सांगतो, आणि ते बहुतांशी खरे आहे. मात्र ज्यांच्या दातांवर पकडीसाठी दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवलेले असतात, त्यांनी ऊस दाताने सोलणे किंवा चिक्कीचा तुकडा समोरच्या दातांनी तोडणे टाळावे. उंचवटा निघून येतो. बाकी आहाराचे स्वातंत्र्य पूर्ण आहे. परंतु या स्वातंत्र्याबरोबर एक जबाबदारी डॉक्टरांच्या हातून निघून रुग्णाच्या हाती येते. तार रुग्णाला विचारत नाही. अलाइनर मात्र रुग्णाने तोंडात ठेवला तरच काम करतो.

एकशे वीस मिनिटांचा हिशेब

दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट रोवलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंची गादी असते. दातावर सौम्य दाब सातत्याने राहिला, म्हणजे ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड विशिष्ट पेशी विरघळवतात आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. अशा रीतीने दात सरकतो. या प्रक्रियेला सातत्य लागते. दाब वारंवार निघून गेला, तर दात मागे येऊ पाहतो. म्हणून दिवसाच्या चोवीस तासांपैकी वीस ते बावीस तास अलाइनर तोंडात असावेत, असा नियम आहे.

बावीस तास धरले तर उरतात दोन तास, म्हणजे एकशे वीस मिनिटे. न्याहारी, दोन वेळचे जेवण, चहा, दात घासणे, हे सारे त्यात बसवायचे. न्याहारीला वीस मिनिटे, जेवणांना प्रत्येकी तीस मिनिटे, म्हणजे ऐंशी झाली. तीन वेळा दात घासण्यास प्रत्येकी पाच, म्हणजे पंचाण्णव. शिल्लक पंचवीस. या पंचवीस मिनिटांत अलाइनर काढून, चहा पिऊन, चूळ भरून, पुन्हा बसवणे अशा क्रिया फार तर दोनदा होतील. पाच-सहा वेळा नव्हे.

येथेच रुग्णापुढे पेच उभा राहतो. दर वेळी काढावे तर तास भरत नाहीत. न काढावे तर दात बिघडतात. आमच्या त्या भगिनींना कोणी सांगितले नव्हते, तरी त्यांनी अजाणता एक बाजू निवडली होती. त्यांचे तास पूर्ण भरत होते. म्हणूनच दात सरळ झाले आणि म्हणूनच ते किडू लागले. या पेचातून एकच मार्ग निघतो, तो म्हणजे दिवसभरातील खाण्यापिण्याच्या वेळांची संख्या कमी करणे. तो का, हे समजण्यासाठी तोंडातील रसायनशास्त्र थोडे पाहावे लागेल.

घोटामागून घोट

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. परंतु आम्लापुढे तो हतबल होतो. आपण साखर किंवा पिष्टमय पदार्थ खाल्ले की दातांवरील कीटणातील जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. रॉबर्ट स्टेफन या संशोधकाने १९४० च्या सुमारास हे प्रत्यक्ष मोजून दाखवले. साखरेच्या द्रावणाने तोंड धुतल्यावर काही मिनिटांतच दातांवरील आम्लता झपाट्याने वाढते आणि ती पूर्वपदावर येण्यास अर्धा ते एक तास लागतो. आम्लता मोजण्याच्या मापात, ज्याला पीएच म्हणतात, सुमारे ५.५ च्या खाली अंक गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात.

ही हानी भरून काढण्याची व्यवस्था निसर्गाने केली आहे. ती म्हणजे लाळ. लाळ आम्ल सौम्य करते, धुऊन नेते, आणि कॅल्शियम व फॉस्फेट पुरवून विरघळलेला थर पुन्हा घट्ट करू पाहते. मात्र त्यासाठी तिला दातापर्यंत पोहोचता आले पाहिजे आणि दोन हल्ल्यांच्या मध्ये अवकाश मिळाला पाहिजे.

आता अलाइनर घातलेल्या तोंडात चहाचा घोट कल्पून पाहा. आवरण कितीही घट्ट असले तरी कडेच्या फटीतून गोड चहा आत शिरतो. बाहेर यायला त्याला वाट नाही. लाळ बाहेर राहते, जीभ आणि ओठ दाताला पुसू शकत नाहीत, आणि साखर दाताला बिलगून बसते. एरवी अर्ध्या-पाऊण तासात ओसरणारा हल्ला आता लांबत जातो. तो ओसरण्यापूर्वी पुढचा चहा येतो. हिरडीच्या कडेला, जेथे कीटण सर्वाधिक साचते, तेथेच ते पांढरे पट्टे उमटतात.

किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि ती दाताला किती वेळ चिकटून राहिली हे दातांच्या दृष्टीने अधिक निर्णायक असते, हा निष्कर्ष स्वीडनमधील लुंड येथील व्हिपेहोल्म संस्थेत झालेल्या अभ्यासातून १९५४ साली प्रसिद्ध झाला. तो सांगताना त्यावरील डागही सांगितला पाहिजे. ती मतिमंद व्यक्तींची संस्था होती आणि तेथील असहाय रहिवाशांना त्यांच्या संमतीवाचून चिकट टॉफी खाऊ घालून त्यांचे दात मुद्दाम किडू दिले गेले. आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग मान्य करणार नाही. त्यांच्या यातनांतून आलेले हे ज्ञान आपण निदान वाया तरी घालवू नये. या निष्कर्षानंतर स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेट केवळ शनिवारी देण्याची प्रथा रूढ झाली, ती आजही आहे. आठवड्यातून एकदा भरपूर खा, पण रोज थोडे-थोडे चघळू नका, असा तिचा आशय.

साखर नसेल तर?

"मी बिनसाखरेचा चहा घेतो, मग काय हरकत आहे?" असा प्रश्न हमखास येतो. दोन हरकती आहेत. पहिली उष्णतेची. प्लास्टिकचा तक्ता तापवून मऊ करायचा आणि दातांच्या प्रतिकृतीवर दाबून बसवायचा, अशा रीतीने हे आवरण सामान्यतः बनते. जो पदार्थ उष्णतेने आकार घेतो तो उष्णतेनेच आकार सोडतो. वाफाळता चहा, कॉफी, सूप, गरम पाणी यांनी आवरण किंचित जरी वाकले, तरी पाव मिलिमीटरच्या हिशेबात ती मोठी चूक ठरते. दुसरी हरकत डागांची. चहा-कॉफीतील रंगद्रव्ये आवरणावर आणि दातांवरील उंचवट्यांवर बसतात. दुधाच्या चहाचे डाग कोऱ्या चहापेक्षा कमी पडतात, परंतु पडतात. आणि आपल्या स्वयंपाकघरातील हळद तर सर्वांत चिवट. अलाइनर घालून आमटीची चव घेऊन पाहिली, तेवढ्यानेही ते पिवळे झाल्याच्या तक्रारी गृहिणींकडून येतात.

थंड पेयांचे काय? कोलासारख्या पेयांत साखरेबरोबर तीव्र आम्लही असते. साखरविरहित प्रकारातही आम्ल कायम असतेच. लिंबूसरबत, कोकम सरबत, सोलकढी, ताक ही पेये घरची आणि पौष्टिक असली तरी आंबट आहेत. नारळपाणी शुद्ध खरे, पण त्यात नैसर्गिक साखर असते. ते पाणी नव्हे. यास्तव अलाइनर घातलेले असताना एकच गोष्ट प्यावी : साधे, कोमट किंवा गार पाणी. ते मात्र मनसोक्त प्यावे. या नियमाला पोटनियम जोडू नयेत. पोटनियम जोडले की माणूस त्यांतून वाट काढतो.

दिवसाची आखणी

आता व्यवहाराकडे वळू. रुग्णांना मी असे सांगतो. चहा सोडण्याची गरज नाही. चहाची जागा बदला. सकाळचा चहा न्याहारीबरोबर घ्या. दुपारचा चहा आणि त्यासोबतचे पोहे, चिवडा, बिस्किट, फळ हे एकाच वेळी घ्या. गोड पदार्थ जेवणाच्या ताटातच वाढून घ्या. म्हणजे दिवसातून चार वेळा अलाइनर निघतील आणि पाचव्यांदा निघणार नाहीत. मधल्या वेळी कार्यालयात चहा आला, तर हातात पाण्याचा पेला घ्या. चहावाल्याला नाही म्हणणे सोपे आहे. सहकाऱ्यांच्या गप्पांना मुकणे अवघड. पेला हाती असला की गप्पांत सामील होता येते.

खाणे झाल्यावर दात घासून अलाइनर बसवणे हे उत्तम. परंतु कार्यालयात, शाळेत, प्रवासात ते दर वेळी जमत नाही. अशा वेळी आपल्या घराघरांतील एक जुनी सवय उपयोगी पडते. जेवून उठल्यावर खळखळून चूळ भरल्याशिवाय आपली आजी आपल्याला ओसरीवर येऊ देत नसे. ती सवय जेवणापुरती राहिली, चहापर्यंत पोहोचली नाही. ती तेथपर्यंत पोहोचवा. दोन-तीन वेळा जोरात चूळ भरा, नळाखाली आवरण धुऊन घ्या, बसवा, आणि घरी गेल्यावर दात घासा. आंबट पेय किंवा फळ घेतल्यानंतर तर लगेच ब्रश फिरवूही नये. आम्लाने मऊ झालेले कवच घासले जाते. तेव्हा आधी चूळ आणि अर्ध्या तासानंतर ब्रश. रात्री झोपण्यापूर्वी मात्र फ्लोराईडयुक्त पेस्टने दात घासल्याशिवाय आवरण कदापि बसवू नये. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि अडकलेला कण सात-आठ तास तसाच राहतो.

काढलेले अलाइनर नेहमी त्यांच्या डबीतच ठेवावेत. उपाहारगृहात कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेले अलाइनर वेटर उचलून नेतो, ही कथा प्रत्येक दंतवैद्याने अनेकदा ऐकली आहे. आवरण धुण्यास साधे पाणी, मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरेसा आहे. पेस्टने घासल्यास त्यावर ओरखडे उमटतात आणि ओरखड्यांत डाग व जंतू राहतात. उकळत्या पाण्यात घालून "निर्जंतुक" करण्याचा मोह टाळावा. त्यातून आवरण बाहेर येते, पण ते आपले राहत नाही.

नवे आवरण घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस चावताना दात दुखतात. मऊ भात-वरण, खिचडी, उपमा, दह्यात कालवलेली पोळी असा आहार त्या दिवसांसाठी योजावा. रात्रीच्या जेवणानंतर नवे आवरण घातले, तर पहिला ताण झोपेत जातो.

उपवास, प्रसाद आणि सणवार

आपल्या समाजात खाणेपिणे हे केवळ पोटाशी निगडित नसते. म्हणून रुग्णांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देणे इष्ट वाटते.

उपवास करणाऱ्यांना वाटते की त्या दिवशी अलाइनरला सुटीच नाही. वस्तुतः "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण दातांच्या बाबतीत अक्षरशः लागू पडते. साबुदाणा, बटाटा, रताळे, खजूर, केळी, राजगिऱ्याचा लाडू, आणि मधून मधून चहा. यांतील बहुतेक पदार्थ पिष्टमय, गोड आणि चिकट, शिवाय थोडे-थोडे, अनेकदा. उपवास जरूर करावा. फराळ दोनदा करावा, दिवसभर नव्हे. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या रुग्णांचा अनुभव याउलट आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत आवरण तोंडातून निघण्याचा प्रसंगच येत नाही. त्यांनी काळजी घ्यायची ती इफ्तार ते सहरी या वेळात. इफ्तारनंतर रात्रभर सरबत आणि मिठाई चालू राहिली तर दोन तासांची मर्यादा सहज ओलांडली जाते. आणि सहरीनंतर दात घासायला विसरू नये.

प्रसादाचे काय? सत्यनारायणाचा शिरा, खडीसाखर, पेढा हातावर पडतो आणि नाकारणे मनाला पटत नाही. नाकारू नये. प्रसाद आदराने घ्यावा, कागदात ठेवावा आणि पुढच्या जेवणाआधी प्रथम तोच ग्रहण करावा. संक्रांतीच्या दिवशी दहा घरचा तिळगूळ दहा वेळा खाण्याऐवजी डब्यात साठवून जेवणानंतर एकदम खावा. गोडवा कमी होत नाही.

लग्नाच्या पंगतीत आग्रहामुळे आणि गप्पांमुळे तास-दीड तास गेला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. एखाद्या दिवशी हिशेब चुकतो. दुसऱ्या दिवशी तो सांभाळावा आणि आवरण दातांवर नीट बसत नसेल, कडेला फट दिसत असेल, तर पुढच्या आवरणाकडे जाण्याची घाई न करता आम्हाला कळवावे.

सुपारी, मावा, तंबाखू यांविषयी मी वेगळा नियम सांगणार नाही. सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. ती अलाइनर घालूनही नको आणि काढूनही नको.

आणि एक अपवाद, जो प्रत्येक मधुमेही रुग्णाने लक्षात ठेवावा. साखर एकाएकी कमी होऊन घाम, थरथर, घेरी आली, तर अलाइनरचा विचार करू नका. तत्काळ ग्लुकोज किंवा साखर घ्या. दात नंतर पाहू. औषधाच्या गोळ्या पाण्याबरोबर अलाइनर घालून घेता येतात. खोकल्याची गोड औषधे आणि चघळण्याच्या गोळ्या मात्र आवरण काढून घ्याव्यात व नंतर चूळ भरावी.

समारोप

त्या भगिनींचे पुढे काय झाले, हे आपणास जाणून घ्यायचे असेल. मी त्यांची क्षमा मागितली आणि पत्रकातील उणीव मान्य केली. उपचार काही काळ थांबवून दातांवर फ्लोराईडचे लेपन केले. चहा दोन वेळांवर आणला गेला, तोही खाण्याबरोबर. तीन दातांवरील पट्टे पुष्कळसे निवळले, पूर्णपणे गेले नाहीत. चौथ्या दातात भरण करावे लागले. ते भरण जन्मभर सांभाळावे लागणार आहे, आणि त्याची जबाबदारी माझ्या एका अपुऱ्या वाक्यावर आहे, हे मी विसरलेलो नाही. त्यांनी उपचार पुरा केला. शेवटच्या भेटीला त्या आपल्या वडिलांना सोबत घेऊन आल्या. वडिलांना अलाइनर नव्हते. दिवसातून आठ वेळा गोड चहा होता आणि दाढा किडलेल्या होत्या. "यांनाही तेच पत्रक द्या," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून आपल्या विभागाच्या पत्रकात पहिलेच वाक्य मोठ्या अक्षरांत छापलेले आहे : "साध्या पाण्याखेरीज काहीही तोंडात घालण्यापूर्वी अलाइनर काढा. चहा हेही खाणेच आहे." त्याखाली दिवसाचा तक्ता आहे. रुग्णाने आपल्या चहाच्या वेळा त्यात स्वतःच्या हाताने लिहायच्या असतात. आपल्या परिचारिका भगिनी पत्रक केवळ हाती देत नाहीत. आज सकाळपासून काय-काय "घेतले", हे रुग्णाच्या तोंडून वदवून घेतात. त्या एका प्रश्नाने जितके कळते तितके माझ्या आरशाने कळत नाही. त्यांच्या या चिकाटीबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ज्यांना अलाइनर लावण्याची ऐपत किंवा आवश्यकता नाही, त्यांनीही आज घरी जाताना एवढा एक हिशेब मनाशी करावा : काल दिवसभरात मी किती वेळा गोड काही घेतले आणि त्यानंतर किती वेळा चूळ भरली? त्यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. दाढ ठणकू लागल्यावर आपल्या दारी यावे लागू नये, हीच या रुग्णालयाची खरी इच्छा आहे.

 सभेनंतर चहाची व्यवस्था आहे, असे मघाशी जाहीर झाले. आपल्यापैकी ज्यांनी अलाइनर घातले आहेत त्यांच्यासाठी डब्या आणि चूळ भरण्यासाठी पाणी बाहेर ठेवले आहे.